यंदाच्या पाडव्यापासून रियासत



या सदरात आपण दर आठवड्याला बियाणे, खते, रोग-किडी असे काही बोलत असतो. आज जरा बांध ओलांडून पलीकडे जातो. पाडवा तोंडावर आला आहे. हरभरा घरात येऊन पडला, ज्वारीची खळी उरकत आली. पाडव्याला सालगड्याचे साल ठरते, जुने हिशेब मिटतात, नवे सुरू होतात. त्याच दिवशी घराने स्वतःशी आणखी एक करार करावा, अशी माझी सूचना आहे. या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत एक जाडजूड इतिहासग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढायचा.

कोणता ग्रंथ, तेही सांगून टाकतो. गोविंद सखाराम सरदेसाई यांची ‘मराठी रियासत’.

हे वाचताच पुष्कळांच्या कपाळाला आठी पडली असेल. “साहेब, इथे विजेची पाळी रात्री बाराला येते, दिवसा मजूर मिळत नाही, आणि तुम्ही म्हणता आठ खंड वाचा!” तुमचे म्हणणे खरे आहे. पण मला एक सांगा, लांबलचक ग्रंथ नेमाने वाचून पुरा करण्याची रीत या देशात कुणाची? कॉलेजात शिकलेल्यांची नव्हे, आपलीच. श्रावण लागला की देवळात पोथी लागते. ‘हरिविजया’चे ३६ अध्याय, ‘रामविजया’चे ४०, ‘पांडवप्रतापा’चे ६४. ज्ञानेश्वरीच्या ९ हजारांहून अधिक ओव्यांचे पारायण सात दिवसांत पुरे करणारी माणसे प्रत्येक गावात आहेत. त्यांच्यात कित्येकांचे शिक्षण चौथीच्या पुढे गेलेले नाही. रोज किती अध्याय, कुणी वाचायचे, कुणी अर्थ सांगायचा, समाप्तीला काय करायचे, हे सारे ठरलेले असते. म्हणजे मोठा ग्रंथ पेलण्याची तालीम आपल्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या आहे. तीच तालीम इतिहासाच्या ग्रंथाला लावायची, इतकेच.

आता सरदेसाई कोण ते थोडक्यात ऐका. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड्यात १८६५ साली जन्मलेला हा माणूस. बी. ए. झाल्यावर १८८९ साली बडोद्यास सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या नोकरीत लागला. महाराजांना पुस्तके वाचून दाखवणे आणि पुढे राजघराण्यातल्या मुलांना शिकवणे हे त्यांचे काम. मुलांना शिकवायचे तर टिपणे हवीत. त्या टिपणांतून १८९८ साली ‘मुसलमानी रियासत’ निघाली, मग ‘मराठी रियासती’चे भाग एकामागून एक निघत गेले. हे काम तीस-पस्तीस वर्षे चालले. १९२५ साली नोकरी सोडून ते मावळात कामशेतला येऊन राहिले. पुढे पेशवे दप्तरातल्या हजारो कागदांतून निवड करून १९३० ते १९३४ या काळात ४५ भाग संपादून काढले. १९५७ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि १९५९ साली ते वारले. लोक त्यांना ‘रियासतकार’ म्हणूनच ओळखतात. त्यांच्या ‘मराठी रियासती’ची पुढे आठ खंडांत नवी आवृत्ती निघाली. तीच आज बहुतेक ग्रंथालयांत दिसते. शहाजीराजांच्या काळापासून सुरुवात होते आणि १८४८ साली सातारचे राज्य खालसा होते तिथे ग्रंथ थांबतो.

आता हिशेब. वर्षाचे ३६५ दिवस. त्यातले ६५ दिवस मी आधीच वजा करतो. पेरणी, काढणी, लग्नसराई, जत्रा, आजारपण आणि तालुक्याच्या फेऱ्या या सगळ्यांना मिळून हे ६५ दिवस. उरले ३००. रोज १० पाने म्हटली तर ३,००० पाने होतात. १० पाने मोठ्याने वाचायला साधारण अर्धा तास लागतो. तुमच्या हाती येईल त्या आवृत्तीच्या सगळ्या खंडांची पाने मोजा आणि ३०० ने भागा. भागाकार १५ च्या आत आला तर एक वर्षाचा करार करा. त्याच्या वर गेला तर निमूटपणे दोन वर्षांचा करा आणि पहिल्या वर्षाची मजल पानिपतपर्यंत ठेवा. उसाचे पीकही बारा महिन्यांत होतेच असे नाही, आडसाली अठरा महिने घेते, म्हणून आपण ते लावायचे सोडत नाही.

हंगामाप्रमाणे वाचनही कमीजास्त होणार, हे आधीच धरून चाला. चैत्र-वैशाखात जिराईत शेतकऱ्याला सवड असते. तेव्हा रोजची २० पाने करावीत. मृग निघाला की पुस्तक खुशाल फडताळात ठेवा. पंधरा-वीस दिवस त्याला हात लागणार नाही आणि लागूही नये. आषाढात झड लागली, वाफसा नाही, पाळी घालता येत नाही, असे दिवस येतात. ते दिवस चावडीवर पत्ते कुटण्यात जातात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. ते दिवस रियासतीचे. रब्बीची पेरणी आटोपली की दिवाळीनंतर थंडीच्या लांब रात्री आहेतच. फक्त रात्रीच्या पाण्यावर पुस्तक नेऊ नका. बॅटरीचा उजेड पानावर पडला की पायाखाली काय आहे ते दिसत नाही, आणि आपल्याकडे साप काही इतिहास वाचणाऱ्याला सवलत देत नाही.

वाचायचे ते मोठ्याने, जेवणे झाल्यावर, सगळ्यांनी बसून. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. मनातल्या मनात वाचणारा एकटा पडतो आणि एकटा लवकर कंटाळतो. मराठवाड्यातल्या एका जिराईत गावात मी एक घर पाहिले आहे. तिथे सून वाचायची. दहावी झालेली, माहेरी वाचनाची आवड, सासरी आल्यावर हातात खुरपे आले होते. म्हातारे सासरे खांबाला टेकून ऐकत आणि मधूनच म्हणत, “थांब पोरी, हा कोणता निंबाळकर? मघाचाच का दुसरा?” तिला मागची पाने उलटून पाहावी लागत. दोन महिन्यांत त्या घरात असे झाले की सासऱ्याला काही विचारायचे तर ते सुनेला विचारू लागले. पुढे पीककर्जाचा कागद आला, तेव्हा सही करण्याआधी म्हाताऱ्याने तो तिच्याकडे दिला आणि म्हणाले, “वाच, सगळा वाच.” बारीक अक्षरातली चार पाने तिने शेवटपर्यंत वाचली. त्यांना न सांगता विम्याचा एक जादा हप्ता त्यात घातलेला होता. तो तिने बोट ठेवून दाखवला आणि काढून घ्यायला लावला. आजवर तो घरातल्या कुणीही पाहिला नव्हता, कारण चार पाने सलग वाचायची कुणाला सवयच नव्हती.

आता ग्रंथात शिरल्यावर काय होते ते सांगतो.

पहिले शंभर पान जड जाते. नावांची गर्दी, सन, पत्रे, जुनी मराठी. इथे पुष्कळ जण पुस्तक मिटतात. पण इथेच एक गंमत आहे. शहरातल्या शिकलेल्या वाचकाला जे शब्द अडतात, ते आपल्याला अडत नाहीत. तगाई, मिराशी, उपरी, बलुते, वतन, काळी-पांढरी हे शब्द त्याला कोशात पाहावे लागतात. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ते अजून आहेत.

शिवाजी महाराजांच्या राज्यकारभाराचा भाग आला की तो सावकाश वाचा. लढायांची पाने तुम्ही न सांगताही वाचाल. जमीनमोजणीची मात्र मुद्दाम वाचावी लागतात. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या औरसचौरस म्हणजे एक बिघा, १२० बिघ्यांचा एक चावर. उत्पन्नाचे पाच वाटे करायचे, तीन रयतेला, दोन सरकारला. नव्याने येऊन जमीन करणाऱ्याला गुरे, बी, पैसा द्यायचा आणि तो दोन-चार वर्षांत त्याच्या ऐपतीप्रमाणे परत घ्यायचा. याच विषयावर १६७६ साली महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. गावोगाव फिर, कुणबी गोळा कर, ज्याच्यापाशी माणूसबळ आहे पण बैल नाही, बी नाही, त्याला ते दे, आणि वाढीदिडी न घेता मुद्दल तेवढे हळूहळू उगव, असा त्याचा आशय आहे. आमच्या खात्यात आल्यापासून मी परिपत्रके पुष्कळ वाचली. या एका पत्राइतके स्वच्छ क्वचितच वाचले असेल. दुसरे एक पत्र चिपळूणकडच्या छावणीतल्या अंमलदारांना आहे. दाणावैरण जपून वापरा, रयतेची भाजी-लाकूडसुद्धा जबरदस्तीने घेऊ नका, आणि रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, असा इशाराही त्यात आहे. राज्य करणारा माणूस गंजीचा आणि उंदराचा विचार करतो. ज्याच्या घरामागे कडब्याची गंजी आहे, त्याला हे पत्र वेगळे समजते.

पुढे शाहू महाराजांच्या काळात चौथाई आणि सरदेशमुखीचा भाग येतो. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन आले. हा भाग कंटाळवाणा म्हणून लोक गाळतात. तुम्ही गाळू नका. कागद-पेन्सिल घ्या. एखाद्या मुलुखाचा वसूल १,००० रुपये धरा. त्याची चौथाई २५० रुपये, आणि सरदेशमुखी दहा टक्के म्हणजे १०० रुपये, ती छत्रपतींची वेगळी. आता त्या २५० चे वाटे पाहा. शेकडा २५ बाबती म्हणून छत्रपतींना, म्हणजे ६२ रुपये ५० पैसे. शेकडा ६ सहोत्रा पंत सचिवांना, म्हणजे १५ रुपये. शेकडा ३ नाडगौडा, छत्रपती ज्याला देतील त्याला, म्हणजे ७ रुपये ५० पैसे. राहिले शेकडा ६६. हा मोकासा, म्हणजे १६५ रुपये, फौज बाळगणाऱ्या सरदाराला. हा हिशेब एकदा मांडलात की पुढच्या शंभर वर्षांतली कितीतरी भांडणे आपोआप उलगडतात. छत्रपतींकडे साडेबासष्ट आणि सरदाराकडे १६५ असतील, तर जोर कुणाकडे जाणार? भाऊबंदकी पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

यानंतर १७४० ते १७६० च्या दरम्यान वाचन हमखास अडते. सरदारांची घराणी वाढतात. शिंदे, होळकर, पवार, भोसले, दाभाडे, आणि प्रत्येक घरात एकाच नावाची दोन-तीन माणसे. त्यावर तीन उपाय आहेत. शाळेतल्या मुलाची वही घेऊन प्रत्येक घराण्याचा वंशवेल काढा आणि भिंतीला लावा. मुलाचाच नकाशा पुढे ठेवा. दर लढाईला गाव शोधून त्याभोवती पेन्सिलीने गोल करा. तिसरा उपाय असा की एखादे प्रकरण फारच अडले तर चार पाने सोडून पुढे जा. तिफण दगडाला अडली म्हणून आपण शेत पेरायचे थांबवत नाही.

आणि बायकांकडे लक्ष ठेवा. ताराबाई १६७५ साली जन्मल्या आणि १७६१ च्या अखेरीस वारल्या. म्हणजे जन्म राज्याभिषेकाच्या दुसऱ्या वर्षी आणि मृत्यू पानिपतानंतर. एका बाईच्या आयुष्यात सगळे राज्य उभे राहिले, पसरले आणि त्याला तडा गेला. त्यांना धरून वाचले तर मधली पाऊणशे वर्षे सुटी सुटी वाटत नाहीत. पुढे १७६७ ते १७९५ अहिल्याबाई होळकर आहेत. घरातल्या मुलींनी हे दोन भाग स्वतः वाचून दाखवावेत.

पानिपताविषयी दोन शब्द जास्त लिहितो. आपण सगळे पानिपत ऐकतो ते तलवारीचे. रियासतीत वाचा ते दाण्याचे आणि वैरणीचे. मार्च १७६० मध्ये भाऊसाहेबांची फौज आजच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरहून निघाली. ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली हाती आली. पण पावसाळ्यात यमुना दोन्ही काठ भरून वाहत होती, अलीकडचा पलीकडे जाईना. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतले, तिथे धान्यसाठा मिळाला. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ नदी उतरून अलीकडे आला आणि फौजेची दक्षिणेकडची वाट तुटली. मग पानिपतावर दोन-अडीच महिने तळ. लढणाऱ्यांबरोबर यात्रेकरू, बाजारबुणगे, बायकामुले आणि हजारो जनावरे. गोविंदपंत बुंदेले मागून शत्रूची रसद तोडत होते. डिसेंबरात ते मारले गेले आणि उरलीसुरली आशा संपली. १४ जानेवारी १७६१ ला, संक्रांतीच्या सुमारास, उपाशी माणसे उपाशी घोड्यांवर बसून लढायला निघाली. ज्याने १९७२ च्या दुष्काळात दावणीची जनावरे उपाशी पाहिली आहेत, त्याला ही पाने वाचताना मध्येच थांबावे लागेल. या एका विषयावर आणखी खोलात जायचे असेल त्याने त्र्यं. शं. शेजवलकरांचे ‘पानिपत १७६१’ जोडीला घ्यावे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. रियासत म्हणजे वेदवाक्य नव्हे. सरदेसाईंच्या नंतर पुष्कळ कागद सापडले, मते बदलली. संभाजी महाराजांवरच्या भागाला त्यांनी ‘उग्रप्रकृति संभाजी’ असे नाव दिले. वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षे कागद तपासून १९६० साली संभाजी महाराजांचे चरित्र लिहिले, आणि त्यातून उभे राहणारे चित्र बरेच निराळे आहे. तेव्हा तो खंड झाला की बेंद्रे वाचावेत. नवे वाण आले की आपण जुन्या वाणाशेजारी त्याचा एक वाफा लावून पाहतो, तसेच हे. दुसरी उणीव अशी की हा इतिहास राजे-सरदारांचा आहे. नांगरामागचा माणूस त्यात अधूनमधूनच डोकावतो. त्याच्यासाठी त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ चा ‘गावगाडा’ आणि महात्मा फुले यांनी १८८३ साली लिहिलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ ही दोन पुस्तके आहेत. दोन्ही लहान आहेत, रियासत संपल्यावर महिनाभरात होतील.

“हे सगळे वाचून शेतात काय जास्त पिकणार?” असा प्रश्न मला एका बैठकीत विचारला गेला. क्विंटलने काही वाढणार नाही, असे मी सांगितले. पण अलीकडे गावोगाव काय चालले आहे ते तुम्हीही पाहता. कुणीतरी मोबाईलवर चार ओळी पाठवतो, अमक्याच्या पूर्वजाने तमक्याचा घात केला, आणि संध्याकाळपर्यंत पारावर दोन तट पडतात. एका गावात अशाच चार ओळींवरून पोरांची डोकी फुटली. त्यात भरतीसाठी पहाटे उठून पळायची तयारी करणारी दोन मुले होती. नावे पोलिसांत गेली आणि त्यांची भरती राहिली. ज्या घटनेवरून भांडण झाले तिच्याबद्दल मूळ ग्रंथात काय आहे, हे दोन्ही बाजूंच्या एकालाही सांगता आले नाही. गावात एका तरी घरात ग्रंथ असता आणि तो वाचलेला एखादा म्हातारा किंवा एखादी सून असती, तर “अरे, पुस्तक आणा, पान काढा” असे म्हणायला कुणीतरी उठले असते.

ग्रंथ मिळवायचा कसा? आठही खंड विकत घेणे सगळ्यांना झेपणार नाही. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्याखाली अनुदान घेणारी अ, ब, क, ड अशा वर्गांची ग्रंथालये गावोगाव आहेत. आपल्या गावचे ‘ड’ वर्गाचे असेल आणि तिथे रियासत नसेल, तर तालुक्याच्या मोठ्या ग्रंथालयात चौकशी करा. अनामत आणि वर्गणी भरून सभासद व्हा आणि एकेक खंड आणा. चार-पाच घरांनी मिळून वर्गणी काढून संच घेतला तरी चालेल, पण मग कोणता खंड कुणाकडे आहे याची वही ठेवा. भिशीची ठेवतो तशी. महिला बचत गटांना हे काम चांगले जमेल. देवळातल्या भजनी मंडळालाही जमेल, फक्त श्रावणात पोथी चालू असेल तेव्हा रियासत मागे राहील, हे समजून घ्या. ग्रंथालयाची पुस्तके कोरड्या जागी, पत्र्याच्या पेटीत ठेवा, आत कडुलिंबाचा वाळलेला पाला टाका आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा ऊन दाखवा. धान्याची कणगी आणि पुस्तकाची पेटी शेजारी ठेवू नका, कारण उंदराला दोन्ही सारखीच प्रिय.

पाडव्याला ज्या घरी वाचन सुरू होईल त्यांनी मला या पत्त्यावर एक पत्र टाकावे आणि पोळ्याच्या सुमारास कुठवर आलात ते दुसऱ्या पत्रात कळवावे. मध्येच अडला असाल तर तेही लिहा. कोणत्या खंडात, कोणत्या प्रकरणाशी अडलात ते नेमके सांगितले, तर याच सदरात त्याचा उलगडा करू.

पुढच्या आठवड्यात नेहमीच्या वाटेवर येऊ. घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण तपासण्याविषयी लिहिणार आहे. १०० दाणे आणि एक गोणपाटाचा तुकडा आताच बाजूला काढून ठेवा.